टॉम वॉटसन: संडरलंड आणि लिव्हरपूलचा चिटणीस-मॅनेजर नेमकं काय करायचा?

कूपरेज कट्टा
लिव्हरपूलच्या मॅनेजरांचा विषय निघाला की गाडी थेट शँकलीवर येते. त्या खुर्चीत सर्वात जास्त काळ बसलेला माणूस मात्र टॉम वॉटसन आहे, 1896 ते 1915, म्हणजे सलग 19 वर्षं. त्याआधी 1889 पासून सात वर्षं तो संडरलंडला होता. दोन्हीकडची मिळून पाच लीग विजेतेपदं: संडरलंडसाठी 1892, 1893 आणि 1895, लिव्हरपूलसाठी 1901 आणि 1906. दोन वेगवेगळ्या क्लबांना इंग्लंडची लीग जिंकून देणारा तो पहिलाच. पुढे हे जमलं ते फक्त चॅपमन, क्लफ आणि डलग्लिश यांना.

एवढं असूनही त्याच्याबद्दल लिहिताना माणसं अडखळतात, कारण त्याच्या पदाचं नाव 'सेक्रेटरी', आपल्या भाषेत चिटणीस. अकरा कोण खेळणार यावर शेवटचा शब्द संचालकांचा. शारीरिक तयारी ट्रेनर करून घ्यायचा. मग याने काय केलं?

माझं मत आधीच सांगतो: त्या काळात सामना शनिवारी दुपारी जिंकला जात नव्हता, तो मे ते ऑगस्टमध्ये जिंकला जायचा. खेळाडू शोधणं, त्याला आणणं, त्याचे कागद वेळेत नोंदवणं आणि तो टिकेल अशी व्यवस्था लावणं, हे चिटणिसाचं काम. वॉटसन या चारही गोष्टींत बाकीच्यांच्या पुढे होता. पुरावा हवा असेल तर 1896-97 चा हंगाम बघा. वॉटसन गेल्यावर संडरलंड 16 संघांत 15 वं आलं आणि बढती-घसरणीच्या परीक्षा-सामन्यांतून कसंबसं वाचलं. त्याच वर्षी नुकतंच वर आलेलं लिव्हरपूल पाचवं.

जाणकारांनी भर घालावी. चुका असतील तर दाखवा.

आकडेमोड
उत्तम धागा. संडरलंडचे आकडे एका जागी असावेत म्हणून देतो. विजयाला 2 गुण, बरोबरीला 1.

1891-92: 26 सामने, 21 विजय, एकही बरोबरी नाही, 5 पराभव, 42 गुण, गोल 93-36. मध्ये सलग 13 विजय.
1892-93: 30 सामने, 22 विजय, 4 बरोबरी, 4 पराभव, 48 गुण, गोल 100-36. लीगमध्ये एका हंगामात शंभर गोल करणारा पहिला संघ.
1893-94: 38 गुणांसह दुसरे, अ‍ॅस्टन व्हिला 44.
1894-95: 30 सामने, 21 विजय, 5 बरोबरी, 4 पराभव, 47 गुण, गोल 80-37.

जुनी गुणतालिका तयार करताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला म्हणजे तीन गुणांची सवय. दुसरा म्हणजे गोलफरक. त्या वेळी गुण सारखे झाले तर गोलसरासरी बघत, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. 93 भागिले 36 म्हणजे 2.583. वजाबाकी करायची नाही. या पद्धतीत गोल न खाण्याला फार मोल येतं. 60-20 वाल्याची सरासरी 3, तर 100-40 वाल्याची 2.5. गोलफरकाने बघाल तर दुसरा पुढे जातो.

मडगावचा स्टॉपर
तो संघ उभा कसा राहिला हे सांगायला हवं, कारण वॉटसनची खरी कारागिरी तिथे आहे.

इंग्लंडमध्ये पैसे देऊन खेळवणं 1885 ला कायदेशीर झालं. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी 1893 उजाडलं. मधली आठ वर्षं सगळ्यात चांगले खेळाडू स्कॉटलंडमध्ये आणि उघड पगार इंग्लंडमध्ये, अशी स्थिती होती. छोटे छोटे पास देत पुढे सरकण्याची कला तिकडच्या पोरांच्या अंगात मुरलेली. संडरलंड भौगोलिकदृष्ट्याही सोयीचं, स्कॉटलंडच्या सीमेपासून जवळ.

पण खेळाडू आणणं सोपं नव्हतं. इंग्लिश क्लबांचे दलाल गावात दिसले की लोक त्यांना हाकलून लावत, प्रसंगी चोप देत. त्यामुळे काम गुपचूप चाले. शिवाय नुसता पगार पुरत नसे. खेळ संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न खेळाडूच्या घरचे विचारत. म्हणून नोकरी, दुकान, घर यांची सोयही बोलणीत यायची. रेंटनचा जॉनी कॅम्पबेल असाच आला आणि 1891-92 ला 32, पुढच्या वर्षी 31 गोल करून लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. गोलात आर्ब्रोथचा नेड डॉइग.

एप्रिल 1890 मध्ये या संघाने अ‍ॅस्टन व्हिलाला मैत्रीपूर्ण सामन्यात 7-2 ने धुतलं. लीगचे जनक विल्यम मॅकग्रेगर यांनी या संघातल्या प्रत्येक जागी गुणी माणूस असल्याचं म्हटलं, आणि त्यातूनच 'सर्वगुणसंपन्न संघ' हे बिरुद चिकटलं. पुढच्या हंगामात स्टोकच्या जागी संडरलंड लीगमध्ये आलं. लीगच्या मूळ बारा संघांबाहेरून आलेलं ते पहिलं.

चिठ्ठीतला सामना
स्टॉपर, सगळं मान्य, पण याच संडरलंडने कागदपत्रांत घोडचूक केली होती हेही लिहा. धागाकर्ते म्हणतात वॉटसन कागद वेळेत नोंदवायचा. डॉइगच्या वेळी काय झालं? सप्टेंबर 1890, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध 4-0 असा विजय, आणि वर दोन गुण कापले, 25 पौंड दंड.

कूपरेज कट्टा
चिठ्ठी, बरोबर पकडलंत. 'वेळेत' हा शब्द मी सरसकट वापरायला नको होता. संडरलंडचा तो लीगमधला पहिलाच महिना होता. डॉइगला लीगच्या नोंदवहीत रीतसर जागा मिळण्याआधीच मैदानात उतरवला.

इथे गफलत का होते ते समजून घेण्यासारखं आहे. व्यावसायिक खेळाडूची नोंद असोसिएशनकडे (फुटबॉल असोसिएशन, इंग्लिश फुटबॉलची मुख्य संस्था) वेगळी आणि लीगकडे वेगळी. खेळाडूने सही केली, पैसे घेतले, गावात राहायला आला, तरी लीगकडून नोंद पक्की होईपर्यंत तो लीग सामन्यात चालत नाही. मैत्रीपूर्ण सामन्यात मात्र चालतो. ज्या क्लबचं सगळं आयुष्य मैत्रीपूर्ण सामन्यांत गेलं, त्याच्या चिटणिसाच्या हातून पहिल्याच महिन्यात हे होणं समजू शकतं. पण दोष त्याच्याच टेबलावरचा, यात वाद नाही.

आकडेमोड
त्या दोन गुणांची किंमत काढून ठेवतो. 1890-91 मध्ये संडरलंड 22 सामन्यांत 10 विजय, 5 बरोबरी, 7 पराभव, म्हणजे 25 गुण. कापून 23, क्रमांक सातवा. 25 राहिले असते तर बोल्टनशी बरोबरी. संडरलंडचे गोल 51-31, सरासरी 1.645. बोल्टनचे 47-34, सरासरी 1.382. म्हणजे पाचवा क्रमांक हुकला. विजेत्या एव्हर्टनचे 29 गुण होते, त्यामुळे विजेतेपद काही गेलं नाही.

डावा विंग
+1. एक प्रश्न. खेळाडूंच्या तयारीत वॉटसनचा हात अजिबात नव्हता का? त्याच्या दिनक्रमाच्या नियमांबद्दल वाचलंय, म्हणून विचारतो.

मडगावचा स्टॉपर
होता, आणि चांगलाच होता. लिव्हरपूलमधले त्याचे नियम असे: सकाळी साडेसातला उठायचं. साडेआठला न्याहारी, त्यात हलका चहा, चॉप किंवा अंडी, आणि लोणी न लावलेला टोस्ट नाहीतर शिळा पाव. ताजा पाव नाही, कारण तो पोटाला जड समजत. पावणेदहाला सराव. दुपारी साडेतीनला पुन्हा सराव. जेवणाबरोबर एक ग्लास बिअर किंवा तांबडी वाइन चालेल. लोणी, साखर, दूध, बटाटे आणि तंबाखू अगदी बेताने. संध्याकाळी तासभर फेरफटका आणि दहाला अंथरुणात.

आजच्या आहारतज्ज्ञाला यातलं बरंच खटकेल, वाइन तर नक्कीच. पण तेव्हा खेळाडू पगाराच्या दिवशी पबमध्ये संध्याकाळ घालवणार हे गृहीत असायचं. एक ग्लास ठरवून देणं म्हणजे दुसऱ्याला बंदी घालणं. बटाटा आणि साखरेवर हात आखडता घेणं म्हणजे वजनावर लक्ष. सरावात चेंडू फारसा नसे. चालणं, धावणं, दोरीवरच्या उड्या, मालिश. आठवडाभर चेंडू दिला नाही की शनिवारी खेळाडू चेंडूला भुकेलेला राहतो, ही त्या काळची समजूत. मला ती चूकच वाटते, पण तेव्हा जवळपास सगळेच तसं करत.

चिठ्ठीतला सामना
लिव्हरपूलने त्याला वर्षाला 300 पौंड देऊन नेलं. त्या वेळच्या चिटणिसासाठी ही रक्कम दांडगी होती. क्लब अवघा चार वर्षांचा. 1892 ला भाड्यावरून भांडण होऊन एव्हर्टन अ‍ॅनफील्ड सोडून गेला, मैदान रिकामं राहिलं आणि जॉन होल्डिंग यांनी नवा क्लब काढला. लाल शर्टही वॉटसन आला त्याच वर्षी आले, आधी निळा-पांढरा होता.

आल्या आल्या त्याने काय केलं तर तेच, उत्तरेकडे नजर. 1898 मध्ये स्टोककडून 350 पौंडांना अ‍ॅलेक्स रेस्बेक घेतला. हा स्कॉटिश सेंटर हाफ म्हणजे वॉटसनच्या आयुष्यातली सर्वात चांगली खरेदी.

डावा विंग
रेस्बेकबद्दल एक खुलासा, नव्या वाचकांसाठी. तेव्हाचा सेंटर हाफ म्हणजे आजचा स्टॉपर, म्हणजे मागे राहून बचाव करणारा, नव्हे. मांडणी 2-3-5. मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे पाच. सेंटर हाफ मधोमध उभा राहून मागेही यायचा आणि हल्लाही सुरू करायचा. ऑफसाइडचा नियमही वेगळा: चेंडू खेळला जाताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे तीन जण हवेत. दोनचा नियम 1925 ला आला. त्यामुळे एक बॅक पुढे सरकला की अख्खी फळी ऑफसाइडमध्ये अडकायची, आणि चेंडू मैदानाच्या मधल्या पट्ट्यातच घुटमळायचा. त्या पट्ट्याचा राजा सेंटर हाफ. वॉटसनने पैसा तिथे लावला, ही समज बाकी कुणी नाकारू नये.

आकडेमोड
आता 1901 कडे येतो, कारण त्यातलं गणित मला फार आवडतं.

आधी 1899 मध्ये जे झालं ते. शेवटच्या दिवशी लिव्हरपूल आणि व्हिला दोघांचे 43 गुण, आणि सामना त्या दोघांतच, व्हिलाच्या मैदानावर. व्हिला 5-0. पाचही गोल पूर्वार्धात. त्याच वर्षी एफए कपच्या उपांत्य फेरीत शेफील्ड युनायटेडशी चार वेळा खेळावं लागलं: 2-2, 4-4, तिसरा सामना गर्दी मैदानात घुसल्यामुळे अर्धवट सोडला तेव्हा लिव्हरपूल 1-0 ने पुढे, आणि चौथ्यात 0-1. बदली खेळाडूची सोय नसलेल्या काळात एवढे जादा सामने म्हणजे त्याच अकरा जणांच्या पायांवर भार.

दोन वर्षांनी, 29 एप्रिल 1901, शेवटचा सामना वेस्ट ब्रॉमविचला. संडरलंडचे सामने संपलेले, 43 गुण, गोल 57-26. लिव्हरपूलचेही 43, गोल 58-35. संडरलंडची सरासरी 2.192, लिव्हरपूलची 1.657. म्हणजे हरलं तर विजेतेपद वॉटसनच्या जुन्या क्लबला, बरोबरी झाली तरी लिव्हरपूलला. समोर तळाचा संघ होता. जॉन वॉकरने एक गोल केला, 1-0, 45 गुण, लिव्हरपूलचं पहिलं विजेतेपद.

संडरलंडच्या 26 गोलांमागे कोण होता? तोच डॉइग, वॉटसनच्या काळात आलेला. स्वतः बांधलेल्या भिंतीशी त्याला टक्कर द्यावी लागली.

चिठ्ठीतला सामना
विजेतेपदानंतर तीनच वर्षांत संघ दुसऱ्या श्रेणीत. धाग्यात हे कुणीच घेत नाहीये. एवढा मोठा व्यवस्थापक असेल तर हे कसं झालं?

कूपरेज कट्टा
दोन कारणं, आणि दोन्ही कागदाचीच.

पहिलं, पगाराची कमाल मर्यादा. 1901-02 पासून आठवड्याला 4 पौंड, बोनस बंद. तोपर्यंत लिव्हरपूल चांगला पगार देऊन माणसं धरून ठेवायचं. ते हत्यार गेलं. वॉटसनने वाट काढली: रेस्बेकला क्लबने 'बिल इन्स्पेक्टर' नेमलं. अ‍ॅनफील्डच्या आसपास सामन्याच्या जाहिराती नीट लागल्या आहेत का ते बघायचं, त्याचे पैसे वेगळे. नियमात बसणारी युक्ती, पण सगळ्या संघासाठी ती कशी चालणार?

दुसरं कारण 1903 चं. सॅम रेबोल्ड 1902-03 मध्ये 31 लीग गोल करून बसला होता. तो, जॉन ग्लोव्हर आणि बिल गोल्डी या तिघांनी पोर्ट्समथला जाण्याचं कबूल करून पैसे घेतले. पोर्ट्समथ सदर्न लीगमध्ये होतं आणि फुटबॉल लीगची नोंदवही तिथे लागू नव्हती. लीगमधला खेळाडू क्लबने राखून ठेवला की लीगमधल्या दुसऱ्या क्लबला तो पैसे मोजल्याशिवाय मिळत नसे, पण सदर्न लीगवाला तो फुकट नेऊ शकत असे. हे छिद्र अनेकांनी वापरलं. असोसिएशनने तिघांवर डिसेंबर 1903 अखेरपर्यंत बंदी घातली. अर्धा हंगाम गोल करणारा माणूसच नाही. लिव्हरपूलचे 26 गुण, स्टोकचे 27. एका गुणाने खाली गेले.

मडगावचा स्टॉपर
आणि पुढची दोन वर्षं हेच वॉटसनचं उत्तर. संचालकांनी त्याला काढलं नाही, हे त्यांचंही शहाणपण. 1904 मध्ये त्याने संडरलंडकडून डॉइगला आणला, वय 37. लोकांना तो म्हातारा वाटला असणार. दुसऱ्या श्रेणीत 34 सामन्यांत 58 गुण, गोल 93-25. फक्त 25!

मग पहिल्या श्रेणीत 1905-06 चे पहिले तिन्ही सामने हरले. इथे त्याचा निर्णय बघा. उन्हाळ्यातच चेस्टरफील्डचा सॅम हार्डी घेऊन ठेवला होता. अ‍ॅनफील्डवर चेस्टरफील्डने सहा गोल खाल्ले तेव्हा गोलात हाच हार्डी होता. सहा गोल खाणाऱ्या गोलरक्षकात गुण बघायला नजर लागते: किती गेले त्यापेक्षा किती अडवले, तो उभा कुठे राहत होता, हे बघावं लागतं. आठ सामन्यांनंतर डॉइग बाहेर आणि हार्डी आत. शेवटी 51 गुण, प्रेस्टन 47. दुसरी आणि पहिली श्रेणी लागोपाठच्या हंगामांत जिंकणारा हा पहिला क्लब. हार्डी पुढे इंग्लंडचा गोलरक्षक झाला.

डावा विंग
त्याच 1906 मध्ये अ‍ॅनफील्डवर प्रेक्षकांनी उभं राहायचा मोठा बांध तयार झाला आणि त्याला 'स्पिऑन कॉप' नाव मिळालं. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या टेकडीवरून ते आलं, तिथल्या जानेवारी 1900 च्या लढाईत गांधीजींचं भारतीय रुग्णवाहिका पथक जखमींना वाहून नेत होतं. कॉपवरची गाणी ऐकताना आपल्याकडच्या लोकांनी हे लक्षात ठेवावं असं वाटतं.

चिठ्ठीतला सामना
माझा एक आक्षेप अजून शिल्लक आहे. चिटणीस म्हणूनच मोजायचं तर व्हिलाचे जॉर्ज रॅमसे वॉटसनच्या पुढे जातात. 1884 ते 1926 चिटणीस, सहा लीग आणि सहा कप. वॉटसनला कप एकदाही मिळाला नाही.

कूपरेज कट्टा
आकड्यांनी तुम्ही बरोबर आहात आणि रॅमसेंचा मान मोठाच. माझ्या मते फरक असा, की रॅमसेंचं यश एका क्लबच्या समितीबरोबर वाढलं. समितीचा वाटा किती आणि त्यांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. वॉटसनच्या बाबतीत काढता येतं, कारण तो क्लब बदलून गेला, संचालक बदलले, गाव बदललं, आणि निकाल त्याच्यामागे गेले.

कपचं दुःख खरं. 1914 ला क्रिस्टल पॅलेसवर अंतिम सामना. उपांत्य फेरीत व्हिलाला 2-0 ने हरवलेलं, पण अंतिम सामन्याला कर्णधार हॅरी लो जखमी. बर्नलीच्या बर्ट फ्रीमनने एकमेव गोल केला. पंचम जॉर्ज हजर होते, राजाने गादीवर असताना बघितलेला तो पहिला अंतिम सामना.

डावा विंग
आणि गुड फ्रायडे 1915 चा तो आधीच ठरवून खेळलेला सामना? त्यात वॉटसनचं नाव येतं का?

चिठ्ठीतला सामना
नाही. 2 एप्रिल 1915, ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेड 2 लिव्हरपूल 0. नेमक्या 2-0 वर मोठ्या पैजा लागल्या होत्या. युनायटेडने पेनल्टी बाहेर मारली. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमचा फटका आडव्या दांड्याला लागला तेव्हा त्याचेच साथीदार त्याच्यावर चिडले. चौकशीअंती बंदी आलेले सात खेळाडू: लिव्हरपूलचे शेल्डन, मिलर, पर्सेल, फेअरफूल आणि युनायटेडचे टर्नबुल, व्हॅली, वेस्ट. निकाल तसाच ठेवला आणि युनायटेड एका गुणाने पहिल्या श्रेणीत राहिलं.

बंदीचा निकाल डिसेंबरमध्ये लागला. वॉटसन 6 मे रोजी, पदावर असतानाच गेला होता. अ‍ॅनफील्ड स्मशानभूमीत त्याला पुरलं. खांदा देणाऱ्यांत रेस्बेक आणि डॉइग होते. कबरीवर नावाचा दगड बसायला मात्र 2015 साल उजाडलं.

आकडेमोड
कट्टा, तुमच्याकडच्या हंगामवार गुणांच्या यादीत 1890-91 ला संडरलंडसमोर 25 गुण दिसतायत. ते 23 करा आणि शेजारी 'दोन कापले' अशी टीप द्या, नाहीतर विजय-बरोबरीची बेरीज जुळत नाही म्हणून कुणीतरी परत 25 करून ठेवेल.

कूपरेज कट्टा
केलं. टीपही टाकली, डॉइगच्या नावासह.